टपालातल्या पाठांपासून ‘स्वयम्’पर्यंत

वर्गात न बसता विद्यापीठाची पदवी मिळवण्याची वाट भारतात १९६२ साली दिल्ली विद्यापीठाच्या पत्रद्वारा अभ्यासक्रमाने खुली झाली. छापील पाठांची पाकिटे टपालाने येत, विद्यार्थी उत्तरे लिहून परत धाडत आणि परीक्षेला मात्र केंद्रावर हजर राहत. नोकरी सांभाळून पदवीधर होता येते, एवढेच आकर्षण तेव्हा पुरेसे होते.

१९८२ मध्ये हैदराबादला देशातले पहिले मुक्त विद्यापीठ निघाले, १९८५ मध्ये दिल्लीत इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले. बारावी न झालेल्यांनाही तिथे पूर्वतयारी अभ्यासक्रमातून पदवीपर्यंत जाता आले. गावोगावच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे उघडली, संपर्कसत्रे भरू लागली. लग्नामुळे शिक्षण सुटलेल्या स्त्रियांना आणि लवकर कामाला लागलेल्या तरुणांना ही सोय मोलाची ठरली.

१५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने दूरदर्शनवर पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी कार्यक्रम सुरू केले. कार्यक्रम चांगले होते, पण त्यांची ना परीक्षा होती ना गुण, त्यामुळे ते अवांतरच राहिले. २००३ मध्ये आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी सुरू केलेल्या ‘एनपीटीईएल’ या ऑनलाइन व्याख्यानांच्या उपक्रमाचीही प्रारंभी तीच गत होती. आडगावच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातला विद्यार्थी आयआयटीच्या प्राध्यापकाचे व्याख्यान ऐकत होता, पण ते पदव्युत्तर प्रवेशाच्या ‘गेट’ परीक्षेच्या तयारीपुरते किंवा अडलेला विषय समजून घेण्यापुरते.

२०१४ मध्ये एनपीटीईएलचे प्रमाणपत्र आले आणि चित्र पालटले. व्याख्याने मोफतच राहिली. दर आठवड्याला स्वाध्याय, शेवटी केंद्रावर देखरेखीखाली परीक्षा, स्वाध्यायाला २५ आणि परीक्षेला ७५ गुण अशी रचना रूढ झाली. परीक्षेसाठी हजार रुपये भरले की अभ्यास अर्ध्यावर सोडवत नाही. कॅम्पस मुलाखतीच्या बायोडाटात आयआयटीचे नाव लिहिता येते, हे तर मोठेच कारण.

खरा जोर मात्र श्रेयांकांनी (क्रेडिट) दिला. एका सत्रातले २० टक्क्यांपर्यंतचे विषय ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन मंचावरून, म्हणजे एनपीटीईएलचे अभ्यासक्रमही जिथे आहेत तिथून, करण्याची मुभा आयोगाने २०१६ मध्ये दिली, जुलै २०१७ मध्ये ‘स्वयम्’चे औपचारिक उद्घाटन झाले आणि २०२१ मध्ये ही मर्यादा ४० टक्क्यांवर गेली. ऑनलाइन अभ्यासक्रम आता थेट गुणपत्रिकेत उतरला. २०१६ च्या अखेरीस मोबाइल डेटा स्वस्त झाला नसता, तर हे नियम कागदावरच राहिले असते. २०२० च्या टाळेबंदीत सारेच ऑनलाइन शिकले, पण ती निवड नव्हती, नाइलाज होता. तेव्हाच्या हजेरीवरून विद्यार्थ्यांचा कल ठरवणे चूक आहे.

तरीही अडचणी आहेतच. नोंदणी फुकट, म्हणून नाव नोंदवणारे पुष्कळ आणि परीक्षेपर्यंत पोचणारे थोडे. ज्या महाविद्यालयात एखादा शिक्षक मार्गदर्शक म्हणून दर आठवड्याला स्वाध्यायाची विचारपूस करतो, तिथले विद्यार्थी टिकतात. दुसरी अडचण भाषेची. व्याख्यानांची लिखित भाषांतरे मराठीतही झाली आहेत, पण बोलणे आणि परीक्षा बहुतांशी इंग्रजीतच. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्याला तेवढ्याने भागत नाही. त्याच्यासाठी मराठीत शिकवणारे प्राध्यापकच पुढे आले पाहिजेत.