जुनी गाडी विकली, पण आरसीवर नाव कोणाचं? डीलरसाठीचा नियम आणि आपल्या घरची जबाबदारी

अकोला: आपल्याकडे जुन्या गाडीचा व्यवहार आजही बराचसा ओळखीवर आणि जबानीवर चालतो. पैसे मोजले, किल्ली दिली, स्टॅम्प पेपरवर दोन ओळी लिहिल्या, कोऱ्या फॉर्म २९-३० वर सह्या केल्या की झाला सौदा. डीलर ती गाडी पुढे बाळापूर, अकोट, मूर्तिजापूरकडच्या गिऱ्हाईकाला देतो, तो आणखी कोणाला. आरसी बुकावर नाव मात्र पहिल्याच मालकाचं राहतं. बिरादरीतली अनेक घरं गॅरेज, डेंटिंग-पेंटिंग आणि गाड्यांच्या खरेदी-विक्रीवर चालतात. म्हणून विकणारा, घेणारा आणि डीलर या तिघांसाठी कायदा काय सांगतो, ते आम्ही इथे एकत्र देत आहोत.

नाव न बदलल्यास काय होतं?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम २(३०) नुसार आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव, तोच गाडीचा मालक. सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी ‘नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार’ या प्रकरणात हेच ठामपणे सांगितलं. त्यातली गाडी एकामागून एक अनेकांच्या हातात गेली होती, पण नोंदीत नाव जुन्याच मालकाचं होतं. अपघात झाला, तेव्हा भरपाईची जबाबदारी नोंदणीकृत मालकावरच आली. “मी तर गाडी कधीच विकली” हे म्हणणं चाललं नाही.

म्हणजे स्टॅम्प पेपर हा फक्त तुमच्या दोघांतला पुरावा. अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस असो, ई-चलन असो की गुन्ह्यात गाडी वापरल्याची चौकशी, पोलीस आधी आरसीवरच्या पत्त्यावर येतात.

कलम ५० च्या मुदती

- राज्यातल्या राज्यात विक्री: विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवावं.
- राज्याबाहेर विक्री: विकणाऱ्याला ४५ दिवस. सोबत एनओसी (फॉर्म २८) लागते.
- घेणाऱ्याने ३० दिवसांत नाव बदलासाठी अर्ज करावा.
- विमा नवीन मालकाच्या नावे करण्यासाठी घेणाऱ्याने १४ दिवसांत कंपनीला कळवावं (कलम १५७).
- गाडीवर कर्ज असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ देऊन आरसीवरचा बोजा आधी उतरवावा.

बुऱ्हाणपूर-खंडव्याकडून गाडी आणणाऱ्यांनी लक्षात ठेवा: परराज्यातली गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त इथे ठेवायची असेल तर महाराष्ट्राचा नंबर घ्यावा लागतो.

१ एप्रिल २०२३ पासून डीलरसाठी काय बदललं?

आधी कायद्याच्या नजरेत जुन्या गाड्यांच्या डीलरला वेगळी जागाच नव्हती. तो ‘मधला माणूस’ होता. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत ५५ए पासून ५५एच पर्यंतचे नियम घातले. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत.

त्यानुसार डीलरने आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं असतं. ते ५ वर्षं चालतं. गाडी अशा डीलरच्या ताब्यात देताना मालकाने फॉर्म २९सी मध्ये ऑनलाइन कळवायचं. तिथून पुढे डीलर ‘मानीव मालक’ ठरतो आणि गाडीची जबाबदारी त्याच्यावर जाते. विकणाऱ्यासाठी यापेक्षा मोठं संरक्षण नाही.

डीलरचाही यात फायदा आहे. आरसीचं नूतनीकरण, फिटनेस, डुप्लिकेट आरसी, एनओसी, नाव बदल यांसाठी तो स्वतः अर्ज करू शकतो. जुन्या मालकाला सहीसाठी शोधत फिरायची गरज नाही. बंधनंही आहेत: ताब्यातली गाडी ट्रायल, दुरुस्ती, प्रदर्शन, तपासणी अशा कामांसाठीच रस्त्यावर आणता येते आणि प्रत्येक फेरीची नोंद ऑनलाइन रजिस्टरमध्ये ठेवावी लागते. डीलरच्या ताब्यातली गाडी लग्नाला किंवा गावाला न्यायची नाही.

जीएसटी किती आणि कोणावर?

जैसलमेरला २१ डिसेंबर २०२४ रोजी झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीनंतर जुन्या गाड्यांवर सरसकट १८ टक्के दर ठरला. लहान गाड्यांवर तो आधी १२ टक्के होता. यावरून पुष्कळ गैरसमज पसरले. हा कर पूर्ण किमतीवर नाही, नफ्यावर आहे. डीलरने ३ लाखांत घेतलेली गाडी ३ लाख ४० हजारांत विकली, तर कर ४० हजारांवर, म्हणजे ७,२०० रुपये. आधीच्या १२ टक्क्यांनी तो ४,८०० झाला असता. तोट्यात विकली तर कर नाही. जीएसटी नोंदणी नसलेल्या साध्या माणसाने घरची गाडी विकली, तरी त्याला हा कर लागत नाही.

घरातल्या माणसाचा इंतकाल झाल्यास

मरहूम अब्बांच्या नावावरची गाडी वर्षानुवर्षं तशीच चालवली जाते. नियम असा की वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवावं आणि ३ महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नाव बदलून घ्यावं. बाकी वारसांची लेखी संमती तेव्हाच घ्या. आई आणि बहिणींचीही घ्या, त्यांचाही हिस्सा आहे. पुढे विकताना वाद होत नाही.

किल्ली देण्याआधी

डीलरचं अधिकारपत्र मागा. कोऱ्या फॉर्मवर सही करू नका. एमपरिवहन ॲपवर आरसी, विमा, बोजा आणि चलन तपासा. २९सी किंवा नाव बदलाच्या अर्जाची पावती हातात आल्यावरच गाडी सोडा आणि ती जपून ठेवा. महिन्याभराने ॲप उघडून नाव खरंच बदललं का ते पुन्हा पाहा.

आपल्या डीलर भावांनाही आमचं सांगणं आहे. अधिकारपत्र काढून घ्या. गिऱ्हाईकाचा भरवसा जबानीवर बसतो खरा, पण अपघात झाला तर न्यायालयात कागदच बोलतो.