चहा कोणता, उकळी किती?

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, घरी आलेल्या पाहुण्याला चहा हवा का, असे सहसा विचारले जात नाही. आधण ठेवूनच मग ख्यालीखुशालीच्या गोष्टी सुरू होतात. गुलमंडी, शहागंजच्या जुन्या बाजारापासून सिडकोतील कॅनॉट परिसरापर्यंत टपऱ्यांवर दिवसभर पातेली उकळत असतात. या चहाची कृती ठरलेली असते. पाणी, साखर, चहा पावडर, आले किंवा गवती चहा, दूध आणि रंग गडद होईपर्यंत उकळी. अलीकडे मात्र मोठ्या दुकानांच्या फडताळांवर आणि ऑनलाइन खरेदीत अखंड पानांचा दार्जिलिंग, ग्रीन टी, ऊलाँग आणि दक्षिण आफ्रिकेचा रॉयबॉस असे प्रकार दिसू लागले आहेत. हौसेने आणलेला असा महागडा डबा पुष्कळदा दोन-तीन वेळा वापरून मागे पडतो. 'कडू लागतो' किंवा 'नुसते रंगीत पाणी लागते' ही त्यामागची तक्रार. दोष बहुतेक वेळा पानांचा नसतो. एकच कृती सर्व प्रकारांना लावल्याने हे घडते.

एक नाव, तीन वनस्पती

'चहा' या एका शब्दाखाली आपल्याकडे निरनिराळ्या वनस्पती नांदतात. खरा चहा म्हणजे कॅमेलिया सायनेन्सिस या सदाहरित झुडपाची कोवळी पाने. काळा, हिरवा, पांढरा आणि ऊलाँग हे चारही प्रकार याच झुडपापासून होतात. तोडलेल्या पानांवर हवेची प्रक्रिया किती होऊ दिली, यावर त्यांचा रंग आणि चव ठरते. गवती चहा हे नावाप्रमाणे गवतच. मोरीच्या पाण्यावर परसदारी वाढणाऱ्या या गवताच्या पातीत सिट्रल नावाचे द्रव्य असते आणि त्यामुळे तिला लिंबासारखा वास येतो. रॉयबॉस, ज्याला इकडे अनेकजण 'रुईबॉस' म्हणतात, तो तिसऱ्याच कुळातला. अ‍ॅस्पॅलॅथस लिनिअ‍ॅरिस हे त्याचे शास्त्रीय नाव. तूर, हरभरा ज्या शेंगावर्गीय कुळात मोडतात, त्याच कुळातले हे सुईसारख्या पानांचे झुडूप आहे.

हा भेद केवळ वनस्पतिशास्त्रापुरता नाही. भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्ट केले की, कॅमेलिया सायनेन्सिसपासून तयार न झालेल्या उत्पादनांच्या वेष्टनावर 'टी' हा शब्द वापरणे दिशाभूल करणारे आहे. 'रॉयबॉस टी', 'हर्बल टी', 'फ्लॉवर टी' ही नावे त्यात आली. घरात आपण गवती चहाला चहाच म्हणत राहू, त्याला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. विकत घेताना मात्र डब्यात नेमकी कोणती वनस्पती आहे, हे घटकांच्या यादीतूनच कळते. ज्यांना कॅफिन टाळायचे आहे, त्यांच्या दृष्टीने ही यादी फार महत्त्वाची. रॉयबॉस आणि गवती चहा यांत कॅफिन नसते. हिरव्या आणि पांढऱ्या चहात ते असते.

सुटा चहा आणि पानांचा चहा

येथे आणखी एक गैरसमज दूर करावयास हवा. किराणा दुकानात वजनावर मिळतो तो 'सुटा' किंवा 'खुला' चहा आणि अखंड पानांचा चहा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वजनावर मिळणारा चहा बहुधा सीटीसी पद्धतीचा असतो. दातेरी रुळांतून पाने चिरडून, फाडून आणि वळवून दाणे करण्याची ही पद्धत १९३०च्या दशकात आसामात रूढ झाली. भारतातील बहुतांश चहा आज याच पद्धतीने तयार होतो. दाणा बारीक असल्याने रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, दूध-साखर पेलण्याची ताकद येते आणि थोड्या पावडरीत अधिक कप होतात. आपला उकळलेला चहा याच दाण्याच्या आधारे घडला आहे.

अखंड पानांचा, ज्याला व्यापारात 'ऑर्थोडॉक्स' म्हणतात, तो चहा पाने हलकेच मळून तयार होतो. त्यातील सुगंधी द्रव्ये नाजूक असतात. उकळीबरोबर ती वाफेतून निघून जातात आणि मागे उरतो तो तुरट अर्क. दार्जिलिंगचा चहा पातेल्यात खळखळून उकळणे म्हणजे केशर फोडणीत टाकण्यासारखे आहे.

लाल झुडपाची कहाणी

'रॉयबॉस' या आफ्रिकान्स शब्दाचा अर्थ लाल झुडूप. दक्षिण आफ्रिकेत केप टाऊनच्या उत्तरेस सेडरबर्ग नावाचा डोंगराळ प्रदेश आहे. हे झुडूप मूळचे तिथले. तेथील खोई आणि सान या आदिवासी समाजांना त्याचा उपयोग पूर्वापार माहीत होता. १९०४च्या सुमारास बेंजामिन गिन्सबर्ग या रशियातून आलेल्या ज्यू व्यापाऱ्याने त्याचा व्यापार सुरू केला आणि १९३०च्या सुमारास क्लॅनविल्यम गावचे डॉक्टर पीटर ल फ्रास नॉर्टिए यांनी बियाणे रुजविण्याची युक्ती शोधल्यावर रानातले झुडूप शेतात आले. कापलेल्या फांद्या बारीक चिरून, ओल्या करून ढीग लावतात. ढिगात हवेची प्रक्रिया होऊन हिरवा रंग तांबडा होतो, मग उन्हात वाळवण होते. ही प्रक्रिया टाळून वाळवला की 'हिरवा रॉयबॉस' मिळतो.

मराठवाड्यात हे पीक घेता येईल काय, हा प्रश्न शेतीशी नाते असलेल्या वाचकाच्या मनात येणारच. रॉयबॉसला आम्लधर्मी वालुकामय जमीन आणि हिवाळी पाऊस लागतो. आपली काळी जमीन अल्कधर्मी आणि पाऊस पावसाळ्यातला, तेव्हा ती आशा धरण्यात अर्थ नाही. युरोपीय संघाने २०२१ मध्ये 'रॉयबॉस' या नावाला भौगोलिक मूळ दर्शविणारे संरक्षणही दिले. ज्या समाजांनी हे ज्ञान जपले त्यांच्या वाट्याला मात्र शतकभर काही आले नव्हते. २०१९ मध्ये झालेल्या करारान्वये शेतावरील विक्रीमूल्याच्या दीड टक्का रक्कम खोई आणि सान समाजांना देण्याचे ठरले.

आधी पाणी

पेल्यातला बहुतेक भाग पाण्याचाच असतो. आणि पाणी हा या शहराचा जुना विषय आहे. सतराव्या शतकात मलिक अंबरने नहरी खोदून खडकीला पाणी आणले. आधुनिक काळात पैठणजवळच्या जायकवाडीतून ते उपसून आणले जाते आणि नळाच्या दोन पाळ्यांमधले अंतर लांबले की घरोघरी बोअरचे किंवा टँकरचे पाणी वापरात येते. बेसाल्ट खडकातून येणारे बोअरचे पाणी बहुधा जड असते. पातेल्याच्या आत बसणारा पांढरा थर ही त्याची खूण. अशा पाण्यात कोरा चहा केला की वर तपकिरी तवंग येतो आणि चव मंदावते, कारण पाण्यातील कॅल्शियम चहातील द्रव्यांशी संयोग पावते. दुधाच्या कडक चहात हे लपून जाते. दार्जिलिंग किंवा ग्रीन टीमध्ये लपत नाही.

उपाय सोपा आहे. जड पाणी आधी चांगले उकळून निवळू द्यावे आणि वरचे पाणी हलकेच ओतून घ्यावे. क्षारांचा बराचसा भाग तळाशी राहतो. घरी आरओ यंत्र असल्यास त्याचे पाणी अशा चहासाठी वापरून पाहावे. कोऱ्या काळ्या चहात लिंबाचे दोन थेंब टाकले तरी तवंग विरतो आणि रंग उजळतो.

कृती : कोठे उकळावे, कोठे थांबावे

एका पेल्याला, म्हणजे सुमारे २०० मिलिलिटर पाण्याला, दोन ते अडीच ग्रॅम पाने पुरेत. दाट, जड पानांचा एक चहाचा चमचा, फुलोऱ्यासारख्या हलक्या पानांचे दोन. पाने मोकळी फुलतील अशी किटली किंवा मोठी गाळणी घ्यावी, वर झाकण ठेवावे आणि वेळ संपताच गाळून घ्यावे. पाने पाण्यातच राहिली तर पुढचा पेला कडवट होतो.

अखंड पानांच्या काळ्या चहावर नुकते उकळलेले पाणी ओतून तीन ते पाच मिनिटे थांबावे. दार्जिलिंगच्या पहिल्या बहराला तीन मिनिटेही पुष्कळ. ऊलाँगला ८५ ते ९५ अंश तापमान मानवते आणि तीच पाने पुन्हा दोन-तीनदा वापरता येतात. ग्रीन टीला मात्र ७५ ते ८० अंशांहून अधिक उष्णता सोसत नाही. वेळ दोन ते तीन मिनिटे. तापमापक नसेल तर तीन भाग उकळत्या पाण्यात एक भाग पिण्याचे साधे पाणी मिसळावे. आपले शहर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरहून उंच असल्याने पाणी येथे ९८ अंशांच्या आसपास उकळते. या हिशेबाने मिश्रण साधारण ८० अंशांवर येते.

रॉयबॉसचे गणित याहून अगदी निराळे, आणि आपल्या स्वयंपाकघराला सोयीचे. त्यात टॅनिन कमी असल्याने तो उकळला तरी कडू होत नाही. कोरा हवा असल्यास उकळत्या पाण्यात सात-आठ मिनिटे झाकून ठेवावा. दुधाचा हवा असल्यास दोन पेल्यांसाठी दीड पेला पाण्यात दोन चमचे रॉयबॉस, ठेचलेले आले आणि वेलची घालून मंद आचेवर सहा-सात मिनिटे उकळावे, मग अर्धा पेला गरम दूध घालून एक उकळी काढावी. गूळ घालावयाचा असेल तर पातेले उतरवल्यावर घालावा, म्हणजे दूध फाटण्याचा धोका कमी होतो. रॉयबॉसचे बारीक काड्यांसारखे तुकडे नेहमीच्या गाळणीतून निसटतात. तेव्हा गाळणीवर धुतलेले मलमलचे फडके धरावे.

स्वाद विकतचा आणि घरचा

चहाला परका सुगंध देण्याची रीत जुनी आहे. चीनमध्ये चहाच्या पानांत जाईची ताजी फुले मिसळून त्यांचा वास पानांत मुरवतात. 'अर्ल ग्रे'मध्ये बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाच्या सालीचे तेल असते. रॉयबॉसबरोबर व्हॅनिला, संत्र्याची साल, दालचिनी हे स्वाद विशेष प्रचलित आहेत. वेष्टनावर स्वाद नैसर्गिक की कृत्रिम, हे पाहून घ्यावे. डबा उघडताच गोड वासाचा भपकारा आला आणि पेल्यात मात्र तो सापडला नाही, तर केवळ वरून फवारलेल्या अर्काचे दाम आपण मोजले, असे समजावे.

त्यापेक्षा साधा रॉयबॉस आणून स्वाद घरी द्यावा. मराठवाडा हा मोसंबीचा प्रदेश. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकनही आहे. फळ स्वच्छ धुऊन, आतला पांढरा कडू भाग टाकून, वरची पातळ साल सावलीत कडक वाळवावी आणि चिमूटभर चुरा रॉयबॉसबरोबर मुरू द्यावा. यात दूध घालू नये. गवती चहाची पात, दालचिनीचा तुकडा, सुंठ, वाळलेल्या गुलाबपाकळ्या, तुळशीची चार पाने हीही जोडी उत्तम जमते. उन्हाळ्यात कडक रॉयबॉस करून, गाळून, गार करून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुपारी सरबतासारखा घेता येतो. तो दुसऱ्या दिवसापर्यंत संपवावा.

साठवणीसाठी घट्ट झाकणाचा, आतील दिसू न देणारा डबा वापरावा. तो शेगडीजवळ किंवा मसाल्यांच्या शेजारी नसावा, कारण चहा शेजाऱ्याचा वास झटकन ओढून घेतो. थोडा थोडा विकत घेणे हेच शहाणपणाचे. वजनावर घेतलेल्या चहाच्या रंगाविषयी शंका असल्यास ओल्या टिपकागदावर तो पसरून थोड्या वेळाने झटकावा. कागदावर ठळक रंगीत डाग उमटले तर बाहेरून रंग दिल्याची शक्यता असते.

तब्येत आणि संगत

रॉयबॉसच्या नावाने वजन, त्वचा, मधुमेह अशा अनेक गोष्टींविषयी दावे केले जातात. ते औषध नाही, एवढे ध्यानात ठेवावे आणि यकृताचा विकार किंवा नियमित औषधे असल्यास डॉक्टरांना विचारूनच रोज घ्यावे. त्याचा खरा लाभ साधा आहे : त्यात कॅफिन नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी मे २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांनुसार चहाच्या एका पेल्यातून ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन मिळते आणि दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम आहे. जेवणाआधी आणि नंतर किमान एक तास चहा घेऊ नये, असेही त्यांत म्हटले आहे. कारण चहातील टॅनिनमुळे अन्नातील लोह अंगी लागत नाही. रक्तक्षय असलेल्या स्त्रियांनी जेवणावरचा चहा सोडणे म्हणूनच अगत्याचे.

परंतु चहा सोडा, असे सांगणे सोपे आणि सोडणे अवघड. कारण चहा कधीच नुसते पेय नव्हता. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये ख्रिस्ती मंडळींच्या चहाला गेले म्हणून न्यायमूर्ती रानडे, लोकमान्य टिळक यांच्यासह अनेकांवर ग्रामण्य उभे राहिले आणि प्रायश्चित्तापर्यंत गोष्ट गेली. पेला कोणाबरोबर घेतला, याला समाजाने केवढे मोल दिले होते, ते यावरून दिसते. आज सोवळ्याचा प्रश्न मागे पडला, तरी संगतीचे मोल तेवढेच आहे. झोप येत नाही म्हणून संध्याकाळचा चहा बंद झालेले घरातील वडीलधारे माणूस, गर्भवती सून, पित्ताचा त्रास असलेला पाहुणा यांना चहाच्या वेळी रिकाम्या हाताने बसावे लागते, आणि ते त्यांना खुपते. आले-वेलची घातलेला दुधाचा रॉयबॉस त्यांच्या हाती दिला, तर पंगतीतून उठल्यासारखे त्यांना वाटत नाही. नेहमीच्या पातेल्याशेजारी एक लहान पातेले चढवावे, एवढाच त्याचा खर्च. दार्जिलिंगचा डबा मात्र रविवारच्या निवांत सकाळसाठी राखून ठेवावा आणि त्याला उकळी दाखवू नये.