नभोवाणी आणि बाजारभाव : अहमदनगर जिल्ह्याच्या संदर्भात एक विचार

शेतमालाचा भाव कोण ठरवितो, या प्रश्नाचा ऊहापोह आपल्याकडे पुष्कळ झाला आहे. तो भाव कोणास आणि केव्हा कळतो, या प्रश्नाची चर्चा त्या मानाने थोडी झाली. वस्तुतः दख्खनमधील कुणब्याच्या कर्जबाजारीपणाची हकीकत या दुसऱ्या प्रश्नावाचून पुरी होत नाही. नभोवाणीने बाजाराची वार्ता खेड्यात नेली तेव्हा नेमके काय बदलले व काय जसेच्या तसे राहिले, एवढेच प्रस्तुत लेखात अहमदनगर जिल्ह्यापुरते पाहावयाचे आहे. (२०२४ पासून जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले आहे, पुढील विवेचन मुख्यतः जुन्या काळाचे असल्यामुळे जुनेच नाव ठेविले आहे.)

या जिल्ह्याने भावाच्या अज्ञानाची किंमत एकदा फार मोठी मोजली आहे. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मुंबईच्या कापसास अपूर्व मागणी आली, त्या तेजीबरोबर सर्वच शेतमाल महागला आणि सावकाराने हात सैल सोडला. १८६५ मध्ये युद्ध संपताच मुंबईत भाव कोसळले. तारायंत्राच्या साहाय्याने ही वार्ता पेढ्यांना तत्काळ कळली. पारनेर किंवा श्रीगोंदे येथील शेतकऱ्यास मात्र ती कळली ती सावकाराने कर्ज देणे थांबविले आणि फिर्यादी लाविल्या तेव्हा. मे १८७५ मध्ये सुप्यास दंगा झाला व लगोलग नगर जिल्ह्यातील तालुक्यांत पसरला, तेव्हा लोकांनी आधी कर्जरोख्यांचे कागद मागून घेऊन जाळले, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. त्यातून १८७९ चा शेतकरी-साहाय्य कायदा झाला. त्या कायद्याने कोर्टाची रीत सुधारली. भाव कळण्याची वाट मात्र पूर्वीचीच राहिली, म्हणजे ती अडत्याच्या दुकानावरूनच जात होती. १८७८ मध्ये दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला आणि माल दूर जाऊ लागला. माल जितका दूर जाई तितका त्याचा अंतिम भाव उत्पादकाच्या दृष्टीआड होई.

दृष्टीआड हा शब्द येथे अक्षरशः घ्यावयास हरकत नाही. जुन्या बाजारात हत्ता पद्धतीने सौदा होई. खरेदीदार आणि अडत्या रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत, आणि ज्याचा माल तो शेजारी उभा राहून रुमाल पाही. पुढे पट्टी हाती येई तीत अडत, हमाली, तोलाई, कडता, धर्मादाय अशा कपातींची रांग असे. १९२८ च्या शेतकी कमिशनने अशा प्रथांवर कठोर टीका केली आणि नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांतात १९३९ चा शेतमाल बाजार कायदा झाला तो याच विचाराचे फळ होय. उघड लिलाव आणि प्रमाणित वजन या दोन गोष्टी त्याने तत्त्वतः मान्य केल्या. परंतु लिलाव उघड झाला तरी तो पाहण्यासाठी गाडी जुंपून बाजारात यावे लागे. एकदा गाडी आली की माल परत नेणे परवडत नसे. म्हणजे भाव कळण्याचा क्षण आणि विकण्यावाचून गत्यंतर नसण्याचा क्षण एकच असे. नभोवाणीचे महत्त्व येथे आहे. तिने हे दोन क्षण वेगळे करणे शक्य केले.

मुंबईस १९२७ मध्ये ध्वनिक्षेपण सुरू झाले, तरी घाटमाथ्यावरील शेतकऱ्याच्या दृष्टीने खरा आरंभ २ ऑक्टोबर १९५३ रोजी पुणे केंद्र निघाले तेव्हा झाला. ग्रामीण कार्यक्रम संध्याकाळी असत. शहरातील व्यापाऱ्यास बाजाराची चर्चा सकाळी, दुकान उघडण्यापूर्वी ऐकावयास हवी असते. शेतकऱ्याची सोय याच्या उलट आहे. सकाळच्या लिलावास पोचावयाचे तर गाडी रात्रीच निघावयास हवी, म्हणून त्याला भाव आदल्या संध्याकाळी कळला तरच त्याचा उपयोग. सकाळी सांगितलेला तोच भाव त्याच्यापुरता शिळा. कार्यक्रमाच्या वेळेचा हा प्रश्न क्षुल्लक वाटतो, पण वार्ता कोणासाठी आहे हे त्याच्यावरूनच ठरते.

यानंतरचा टप्पा १९५६ चा. युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने पुणे केंद्रावरून एक प्रयोग हाती घेतला. कॅनडात १९४१ पासून शेतकऱ्यांची नभोवाणी-श्रोतृमंडळे चालत होती, त्यांच्या धर्तीवर पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा व कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील सुमारे १५० गावे निवडण्यात आली. प्रत्येक गावी वीसएक जणांचे मंडळ असे. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्ध्या तासाचे, एकूण २० कार्यक्रम झाले. मंडळी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, तो संपल्यावर त्यावर बोलत, आणि निमंत्रक चर्चेचा गोषवारा व उद्भवलेले प्रश्न लिहून पुण्यास पाठवी. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. ऐका, चर्चा करा, कृती करा, हे या योजनेचे ब्रीद होते.

ही मालिका केवळ बाजाराविषयी नव्हती. शेती आणि एकंदर ग्रामजीवन हा तिचा विषय होता. तथापि हे महिने कोणते होते हे ध्यानात घ्यावे. रब्बीची ज्वारी खळ्यावर आलेली, कालव्याच्या भागात गुऱ्हाळे चालू, आणि लग्नसराई तोंडावर. अशा दिवसांत खेड्यात चार माणसे बसली की बोलणे पैशावर येते, त्यासाठी कार्यक्रमपत्रिकेची गरज नसते.

या प्रयोगाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. त्याचे सूत्रधार पॉल नॉयराथ हे समाजशास्त्रज्ञ होते, आणि जगदीशचंद्र माथुर यांच्यासह त्यांनी सिद्ध केलेला अहवाल युनेस्कोने १९५९ मध्ये प्रसिद्ध केला. पाहणीची पद्धत मार्मिक होती. मंडळे असलेल्या गावांच्या जोडीला, नभोवाणी-संच आहे पण मंडळ नाही अशी गावे, आणि दोन्ही नाहीत अशीही गावे घेऊन, मालिकेपूर्वी व मालिकेनंतर लोकांना किती माहिती आहे हे पडताळून पाहिले. मंडळे असलेल्या गावांत माहितीत मोठी भर पडली होती. नुसता संच असलेल्या गावांतील भर नगण्य होती.

प्रस्तुत लेखकाच्या मते बाजारभावाच्या इतिहासास या निष्कर्षाइतका उपयुक्त दुसरा पुरावा सापडणे कठीण आहे. भाव हा एक आकडा असला तरी ते ज्ञान नव्हे. नभोवाणीवर पुण्याचा गुळाचा भाव सांगितला, तर कोपरगावच्या शेतकऱ्याने त्यातून काय समजावे? तो कोणत्या प्रतीचा? पिवळ्या, कणीदार ढेपेचा की काळपट गुळाचा? कोणत्या मापाचा? १९५६ मध्ये मापे स्थलपरत्वे भिन्न होती. पल्ला म्हटले तरी पुढचा प्रश्न कोणत्या गावचा, असाच येई. दशमान नाणी १९५७ मध्ये आणि मेट्रिक वजने १९५८ पासून क्रमाक्रमाने आली. शिवाय भाड्याचे काय, कपातींचे काय, अडत्याची जुनी उचल अंगावर असेल तर दुसऱ्या बाजारात जाण्याची मोकळीक तरी आहे काय? या प्रश्नांची उत्तरे ध्वनिक्षेपकापाशी नसतात. काही उत्तरे शेजारी बसलेल्या, गेल्या आठवड्यात बाजार करून आलेल्या माणसापाशी असतात. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर तर ज्याचे त्यानेच ओळखावयाचे असते, आणि चारचौघांत ते बोलून दाखविणे सोपे नाही.

जिल्ह्याच्या रचनेमुळे हा भेद अधिक ठळक होतो. गोदावरी व प्रवरा कालव्यांनी उत्तरेकडील भाग बागायती केला, आणि त्याचे आर्थिक परिणाम धनंजयराव गाडगीळ यांनी १९४८ च्या ग्रंथात तपशिलाने मांडले आहेत. या भागात ऊस गुऱ्हाळास द्यावा की कारखान्यास, हा दरसालचा हिशेब होता, आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरेचा सहकारी साखर कारखाना सुरू झाल्यावर त्या हिशेबाची चर्चा करण्यास सभासदांना स्वतःची सभा मिळाली. विठ्ठलराव विखे पाटील यांच्या खटाटोपाचा आणि गाडगीळांच्या अध्यक्षतेचा उल्लेख बहुधा भांडवल व यंत्रे यांच्या संदर्भात होतो. दर ठरविणारे आणि दर घेणारे एका मांडवात समोरासमोर बसले, ही गोष्ट माझ्या दृष्टीने तितकीच मोलाची आहे. पाथर्डी, कर्जत, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांत असा मांडव नव्हता. तेथे विक्रीस काढण्याइतके धान्य चांगल्या सालीच होई, आणि वाईट साली हाच शेतकरी ज्वारीचे गिऱ्हाईक बने. चढता भाव ऐकून कोपरगावास आनंद व्हावा आणि जामखेडास धसका बसावा, असे एकाच जिल्ह्यात घडू शके.

पुण्याच्या अनुभवावरून १७ नोव्हेंबर १९५९ रोजी ही योजना देशभर सुरू करण्यात आली. मंडळांची संख्या वाढली, पण पुण्याच्या प्रयोगातील बारकाईची देखरेख सर्वत्र ठेवणे शक्य नव्हते. पुढे १९६६ मध्ये आकाशवाणीचे शेती व गृह विभाग निघाले, आणि त्याच सुमारास ट्रान्झिस्टरचा प्रसार होऊन संच चावडीतून घरात व घरातून बांधावर गेला. ऐकणारे अनेक पटींनी वाढले, मात्र ते एकेकटे ऐकू लागले. निमंत्रक, त्याची वही आणि पुण्यास जाणारे प्रश्न यांना या नव्या व्यवस्थेत जागा उरली नाही. १९६७ मध्ये महाराष्ट्राचा बाजार समिती कायदा अमलात आला, २००० मध्ये बाजारभावांचे देशव्यापी संगणकीय जाळे उभारण्यास प्रारंभ झाला, आणि १४ एप्रिल २०१६ रोजी राष्ट्रीय विद्युत-बाजार सुरू झाला. आता दूरच्या समितीतील भाव खिशातील यंत्रावर त्याच दिवशी दिसतो. प्रत, भाडे, कपात आणि अंगावरची उचल यांचा हिशेब मात्र शेतकऱ्याला पूर्वीप्रमाणेच गाडी भरण्यापूर्वी करावा लागतो.