तीस मिलीची बाटली

हा घटनाक्रम कुठल्या एका गावाचा नाही. 2006 ते 2015 या काळात वाशिम जिल्ह्यात, मालेगाव-रिसोडकडच्या एखाद्या शिवारात तो असा घडू शकला असता.

सकाळी 7. दीड वर्षाचा गोऱ्हा मागचा पाय टेकवत नाही. ताप आहे, मांडीवर सूज आहे, दाबली की करकर वाजते. ही फऱ्या रोगाची खूण. पण ढोर डॉक्टर तालुक्याला आणि पेरणी तोंडावर. मेडिकलमधून डायक्लोफिनॅकची तीस मिलीची बाटली येते.

जनावरांसाठीचं डायक्लोफिनॅक 2006 मध्येच बंद झालेलं. ही बाटली माणसांची. 'जनावरांसाठी नाही' असं लेबलावर असतं, पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरांत. वाचू शकणारं पोर शाळेत गेलेलं. माणसाला एका वेळी तीन मिली पुरतात. मग तीस मिली कोणासाठी भरत होते?

7.30. दोनशे किलोच्या गोऱ्ह्याला किलोमागे एक मिलिग्रॅम, म्हणजे आठ मिली. मानेत सुई.

दुपारी 1. गोऱ्हा दोन घास खातो. औषध लागू पडलं म्हणतात. दुखणं दबलंय, फऱ्याचे जंतू जिथल्या तिथे आहेत. त्यांच्यावर वेळेत पेनिसिलिन लागतं, आणि त्याआधी पावसाळ्यापूर्वीची लस.

पहाटे 3. गोऱ्हा दगावतो.

सकाळी 10. फऱ्याने मेलेलं जनावर चुना टाकून खोल पुरायचं असतं. ते गावाबाहेर टाकलं जातं. ऊन तापल्यावर उरलीसुरली सात-आठ गिधाडं उतरतात. औषधाचा अंश काळजात (यकृतात) आणि गुर्द्यात जास्त, आणि ती पोट फोडूनच सुरुवात करतात. पाच किलोच्या पक्ष्याला साधारण एक मिलिग्रॅम जिवावर बेततो.

मेलेलं जनावर खाल्ल्याचा दुसरा दिवस. गिधाडं मान खाली टाकून बसतात. मूत्रपिंडं बंद पडतात, रक्तातलं युरिक ॲसिड बाहेर पडत नाही. काळजावर, हृदयावर खडूसारखा पांढरा थर चढतो.

तिसरा दिवस. ती झाडाखाली पडतात. जोडी वर्षाला एकच अंडं घालते, तेव्हा ही भर निघणं अवघड.

गिधाडं का मरतात, हे कोडं 2004 मध्ये पाकिस्तानातल्या मेलेल्या गिधाडांवरून सुटलं. शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला: साडेसातशे मेलेल्या जनावरांत एक जरी जीवघेणं डायक्लोफिनॅक असलेलं निघालं, तरी एवढी घसरण व्हायला पुरेसं. पांढऱ्या पाठीची गिधाडं भारतात 1992 ते 2007 दरम्यान हजारातली एकच उरली होती.

2015 मध्ये माणसांच्या डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन तीन मिलीपुरतं मर्यादित झालं. आता त्याच गोऱ्ह्यासाठी तीन ॲम्प्यूल फोडाव्या लागतील. मेलॉक्सिकॅम हे दुखणं दाबणारं दुसरं औषध गिधाडांना मारत नाही आणि जनावरांच्या लेबलासह मिळतं. ॲसिक्लोफिनॅकने मात्र बरीच वर्षं चकवलं: लेबलावर नाव वेगळं, जनावराच्या अंगात गेलं की डायक्लोफिनॅकच. त्यावर आणि किटोप्रोफेनवर जनावरांसाठी बंदी यायला 2023 उजाडलं. निमेसुलाइडवर आली ती 2024 संपता संपता.