ओल्ड कोर्स, सेंट अँड्रूज

स्कॉटलंडच्या फाइफ भागात, उत्तर समुद्र आणि ईडन नदीची खाडी यांच्या लगत असलेले गोल्फचे मैदान. १५व्या शतकापासून येथे हा खेळ चालत आला आहे. समुद्र मागे हटल्यावर उरलेली वाळूची, उंचसखल, नांगराच्या उपयोगाची नसलेली गवताळ पट्टी म्हणजे ‘लिंक्स’. तिच्यावर खेळण्याचा गावकऱ्यांचा हक्क १५५२ सालच्या सनदेत नोंदलेला आहे. आजही ही जमीन कोणा क्लबाची नाही, ती सार्वजनिक आहे. रविवारी एरवी खेळ बंद असतो आणि लोक कुत्री घेऊन तिच्यावर फिरायला येतात.

या मैदानाला आराखडाकार नाही, तेव्हा त्याच्या ‘रचने’चे कौतुक म्हणजे वाऱ्याचे कौतुक, असा एक आक्षेप आहे. तो अर्धाच खरा आहे. उंचवटे आणि खळगे निसर्गाचे, पण त्यांतून कुठले ठेवायचे हे माणसांनी ठरवले. १७६४ मध्ये पहिल्या चार होलांची दोन करण्यात आली. जाता-येता तीच होल खेळली जात असल्याने २२ होलांची फेरी १८ वर आली, आणि पुढे हा आकडा साऱ्या जगाने उचलला. गर्दी वाढली तसे फेअरवे (कापलेल्या गवताच्या खेळवाटा) रुंद झाले आणि एकेका ग्रीनवर (होलाभोवतीच्या तुळतुळीत हिरवळीवर) दोन होल आली. अशी सात जोडग्रीन आहेत. जोडीतल्या क्रमांकांची बेरीज दर वेळी १८ भरते. जातानाच्या होलावर पांढरा झेंडा, येतानाच्या होलावर लाल. १९व्या शतकाच्या उत्तरार्धात मैदानाची निगा पाहणाऱ्या ओल्ड टॉम मॉरिसने पहिल्या आणि अठराव्या होलाची ग्रीन घडवली. आराखडाकार कागदावर जे एका हंगामात ठरवतो, ते इथे पिढ्यान्‌पिढ्या खेळून ठरत गेले.

ठरत गेले ते काय, तर रुंदी. पहिले आणि अठरावे होल मिळून एकच फेअरवे आहे, सुमारे १२९ यार्ड रुंद. नवख्याला वाटते, इथे फटका चुकूच शकत नाही. पण खरा प्रश्न चेंडू फेअरवेवर पडतो की नाही हा नसून कुठल्या बाजूला पडतो हा आहे. जाताना आणि येताना, दोन्ही वेळी मैदानाची हद्द बहुधा उजव्या हाताला राहते, म्हणून भित्रा फटका डावीकडे जातो. १७व्या होलावर, म्हणजे ‘रोड होल’वर, त्याची किंमत दिसते. टीवरून (होलाच्या सुरुवातीच्या जागेवरून) पहिला फटका उजवीकडच्या शेडवरून मारावा लागतो. शेडच्या जितका उजवीकडून, तितका तो धोक्याचा आणि तितकाच पुढचा फटका सोपा. डावीकडे सुखरूप पडलेल्या चेंडूपुढे मात्र तिरके, अरुंद ग्रीन उरते. त्याच्या पुढ्यात डावीकडे खोल, उभ्या भिंतीचा बंकर (वाळूचा खड्डा), पाठीमागे डांबरी रस्ता आणि रस्त्यापलीकडे दगडी भिंत. १९७८ च्या ‘ओपन’ या ब्रिटनच्या अजिंक्यपद स्पर्धेत जपानच्या नाकाजिमाचा चेंडू ग्रीनवर पोहोचलेला होता. तेथून हलक्या फटक्याने (पट) लोटलेला चेंडू घरंगळत त्या बंकरात गेला आणि ४ पारच्या (चार फटके अपेक्षित असलेल्या) होलावर ९ फटके लागले. २०२२ मध्ये कॅमेरॉन स्मिथने त्याच बंकराला वळसा घालत चेंडू जमिनीवरूनच ग्रीनवर लोटला, पार राखले आणि स्पर्धा जिंकली.

दुसरी तक्रार नशिबाची. कित्येक बंकर टीवरून दिसतच नाहीत (मैदान पूर्वी उलट्या दिशेनेही खेळले जाई, हे त्याचे एक कारण), मग कौशल्य कसले? तक्रार रास्त आहे, पण पहिल्या फेरीपुरती. १९२१ च्या ओपनमध्ये बॉबी जोन्सने तिसऱ्या फेरीत ११व्या होलावर डाव सोडला. १९२७ मध्ये तो इथेच जिंकला. २००० मध्ये टायगर वुड्सने ७२ होलांत एकदाही बंकरात न जाता जेतेपद मिळवले. नशीब असे चारही दिवस साथ देत नाही; मैदान पाठ करता येते.

सर्वांत जड आक्षेप लांबीचा आहे. आजच्या चेंडूपुढे आणि आजच्या ताकदीपुढे जुने अंतर तोकडे पडते. स्मिथचे २६८ फटके पारपेक्षा २० ने कमी होते. वारा पडलेल्या दिवशी मैदान मऊ वागते, हे मान्यच करावे लागेल. मात्र फटके कमी झाले म्हणून बाजू निवडण्याचा प्रश्न संपत नाही. २०१० च्या ओपनआधी १७व्या होलाची टी ४० यार्ड मागे नेली गेली, होल ४९५ यार्डांचे झाले. बंकर, रस्ता, भिंत होती तिथेच राहिली. शेडवरून किती उजवीकडे जायचे, हे पुन्हा टीवरच ठरवावे लागू लागले.