वाट आधी, ओढ नंतर

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलीने पुढे काय करू म्हणून विचारले, की तिला बहुधा एकाच वळणाचा सल्ला मिळतो. स्वतःच्या मनाला विचार, तुझा पिंड कोणता ते ओळख, सेवेची आच असेल तर दिशा आपोआप सापडेल. हा सल्ला देणाऱ्याला काडीचाही खर्च येत नाही. त्याच्या लोकप्रियतेचे ते एक कारण असावे. पण या व्यवसायाचा गेल्या पावणेदोनशे वर्षांचा इतिहास नीट पाहिला तर क्रम उलटा दिसतो. ज्यांना दिशा सापडली, त्यांच्यापैकी बहुतेकींना ती दुसऱ्या कुणीतरी आधी आखून ठेवलेल्या वाटेवर सापडली. राहण्याची सोय, विद्यावेतन, परीक्षा, प्रमाणपत्र, नोंदणी आणि चढून जाण्याजोगी वरची जागा एवढ्या गोष्टी जिथे उभ्या राहिल्या, तिथे काल गोंधळलेली बाई आज ठामपणे चालू लागली. जिथे त्या नव्हत्या, तिथे कळकळीच्या बायकाही वर्षानुवर्षे अडून राहिल्या.

सेवेच्या ओढीचे उदाहरण म्हणून ज्या बाईचे नाव सर्वांत आधी घेतले जाते, तिच्यापासूनच सुरुवात करावी. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांना सोळाव्या वर्षी, 1837 मध्ये, आपल्याला ईश्वराने हाक दिली असे वाटले. त्यांनी पहिली जबाबदारीची नोकरी हाती घेतली ती 1853 मध्ये, लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरच्या आजारी स्त्रियांच्या एका संस्थेत. मधली सोळा वर्षे ओढ कमी पडली म्हणून गेली नाहीत. 1845 मध्ये त्यांनी सॉल्सबरीच्या इस्पितळात जाऊन काम शिकण्याचा विचार घरी मांडला आणि घरच्यांनी तो हाणून पाडला. घरच्यांचेही अगदीच चुकत नव्हते. त्या काळी इंग्लंडात इस्पितळातली नर्स म्हणजे दारूच्या वासाची, अडाणी, चारित्र्याबद्दल कुजबुज असलेली बाई अशीच समजूत होती, आणि डिकन्सने आपल्या कादंबरीत रंगवलेली सेअरी गँप त्याच समजुतीतून आली होती. नाइटिंगेल यांची कोंडी फुटली ती 1851 मध्ये, जर्मनीतल्या कैसर्सवर्थ इथे पाद्री फ्लीडनर यांनी चालवलेल्या संस्थेत तीन महिने राहून शिकल्यावर. म्हणजे वाट आखलेली होती तिथे त्या गेल्या. पुढे क्रिमियाच्या युद्धातल्या कामगिरीनंतर जमलेल्या निधीतून 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात त्यांची शाळा निघाली. तिच्या नियमांत उपदेशाइतकाच व्यवहार होता: एक वर्षाचे शिक्षण, मोफत राहणे-जेवण, गणवेश आणि वर्षाला दहा पौंड हातखर्च. स्वतःची सोळा वर्षे वाया गेलेली असताना, येणाऱ्या मुलींना नुसते मनाचा कौल घ्या म्हणून सांगण्यात काय अर्थ आहे, हे त्यांच्याइतके कुणाला कळले असेल?

मुंबईत हीच गोष्ट निराळ्या तऱ्हेने घडली. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेले जे. जे. इस्पितळ 1845 मध्ये सुरू झाले. डॉक्टर होऊ पाहणाऱ्या हिंदी तरुणापुढे तेव्हापासून सरळ रस्ता होता: प्रवेश, परीक्षा, पदवी, सरकारी हुद्दा. रुग्णाच्या उशाशी बसणाऱ्या बाईसाठी तसे काहीच नव्हते. वॉर्डातले काम आया आणि वॉर्डबॉय करत, बाळंतपणे घरोघरच्या सुइणी करत, आणि पुढे देखरेखीला इंग्लंडहून आलेल्या ‘ऑल सेंट्स’ संघाच्या धर्मभगिनी असत. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून स्त्रियांसाठी उभारलेले कामा इस्पितळ 1886 मध्ये उघडले. तिथल्या प्रमुख डॉक्टर एडिथ पीची यांनी हिंदी मुलींना नर्सिंग शिकवण्याचे मनावर घेतले. 1891 मध्ये शिकायला आलेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव पहिल्या हिंदी शिकाऊ नर्सपैकी एक म्हणून नर्सिंगच्या इतिहासात घेतले जाते. डॉक्टरांची वाट आणि नर्सची वाट यांत चाळीस वर्षांहून अधिक अंतर पडले, हा तपशील मला काशीबाईंच्या धैर्याइतकाच बोलका वाटतो. त्या शिकल्यावर त्यांना कोणत्या नोंदवहीत घालायचे, त्यांचे प्रमाणपत्र दुसऱ्या शहरात चालेल की नाही, दहा वर्षांनी त्या कोणत्या पदावर असतील, याची उत्तरे कुणाकडेच नव्हती.

या प्रश्नांना मराठी मुलखात पहिले भरीव उत्तर दिले ते पुण्याच्या सेवासदनाने. 1909 मध्ये रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी ही संस्था उभारली. देवधर भारत सेवक समाजाचे. हिशेब, शाखा, वर्गणी, पाठपुरावा यांत मुरलेला माणूस. रमाबाईंकडे वजन होते, आणि पती न्यायमूर्ती रानडे यांच्या मागे आठ वर्षे वैधव्यात काढल्याने विधवेच्या आयुष्याची जाण होती. तेव्हाच्या पुण्यातल्या ब्राह्मण विधवेपुढे काय होते? केशवपन, आलवण, दिराच्या घरातले स्वयंपाकघर, फार तर काशी. तिला कुणी मन काय म्हणते असे विचारले असते तर ती बिचारी गोंधळून गेली असती, कारण निवडण्याजोगे समोर काही असावे लागते. सेवासदनाने ससून इस्पितळाशी बोलणी करून मुलींना नर्सिंगच्या वर्गात घालायला सुरुवात केली, आणि त्याच वेळी त्यांच्यासाठी वेगळे वसतिगृह चालवले. माझ्या मते खरी किल्ली वसतिगृहात होती. सासरच्यांना हरकत घ्यायला वॉर्डातले काम हे एक कारण होते. रात्रपाळीहून परतणारी तरुण बाई कुठे राहते, कुणाच्या नजरेखाली, तिच्या जेवणाचे सोवळे-ओवळे कसे, ही त्याहून मोठी कारणे होती. वसतिगृहाने ती एकदम निकालात काढली. तिथे रमाबाईंचे नाव तारणासारखे उभे होते.

समाज लगेच वळला असे मात्र नाही. सेवासदनाच्या एका बक्षीस समारंभात आलवणातली, केशवपन केलेली तरुण विधवा बक्षीस घ्यायला व्यासपीठावर आली तेव्हा गॅलरीतल्या कॉलेजच्या पोरांनी हुर्यो उडवली, आणि रमाबाईंनी समारोपाच्या भाषणात त्यांना फटकारले, असे सांगतात. या प्रसंगात मला महत्त्वाचे वाटते ते हे, की ती बाई व्यासपीठापर्यंत पोचली होती. बक्षीस तिच्या नावाचे होते, यादीत तिचे नाव होते, आणि हुर्यो करणारी पोरे घरी गेल्यावरही तिचा वर्ग दुसऱ्या दिवशी भरणारच होता. टिंगल तिचा दिवस बिघडवू शकली. तिची वाट पुसण्याएवढी ताकद टिंगलीत नव्हती.

इथे एक वजनदार आक्षेप येतो. सावित्रीबाई फुले यांनी कोणत्या संस्थेचे प्रमाणपत्र घेतले होते? 1897 च्या प्लेगात त्यांचे दत्तकपुत्र यशवंतराव यांनी हडपसरच्या बाजूला ससाणे माळावर उपचारकेंद्र उघडले, तिथे सावित्रीबाई रुग्ण आणत, त्यांची शुश्रूषा करत. मुंढव्याचे एक मूल त्यांनी पाठीवरून आणले आणि त्यातच लागण होऊन 10 मार्चला त्या गेल्या. त्यांच्या मनातल्या स्पष्टतेपुढे आपण काय बोलणार! पण हा आक्षेप माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, त्याची कड दाखवतो. असामान्य माणसाला एक असामान्य कृती करायला वाट लागत नाही. नोकरी मात्र तीस-पस्तीस वर्षांची असते, आणि ती बहुतांशी सामान्य माणसांनी सामान्य दिवशी करायची असते. शिवाय त्याच प्लेगाने असेही उघड केले की इलाख्यात शिकलेल्या नर्सेस इतक्या थोड्या होत्या, की सरकारला विलायतेहून मागवाव्या लागल्या. एका सावित्रीबाईंच्या बलिदानाची आठवण ठेवताना, त्यांच्या हाताखाली उभ्या राहू शकतील अशा पन्नास शिकलेल्या मुली पुण्यात का नव्हत्या, हेही विचारायला हवे.

दुसरा आक्षेप जातीचा आहे, आणि तो अधिक अवघड आहे. मलमूत्र, रक्त, बाळंतपणाचा विटाळ या गोष्टी ज्या समाजाने ठरावीक जातींच्या माथी मारल्या होत्या, तिथे अडथळा संस्थांच्या अभावाचा नसून शिवाशिवीचा होता, असे म्हणता येईल. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. इंग्लंडात शिवाशिव नव्हती तरी नर्सची बदनामी होतीच. इकडे शिवाशिव पुरेपूर असतानाही, सोय उभी राहिल्यावर काही वर्षांतच ब्राह्मण विधवा ससूनच्या वॉर्डात उभ्या राहिल्या. मिरजेत डॉक्टर विल्यम वानलेस यांनी 1894 मध्ये मिशन इस्पितळ काढले आणि थोड्याच वर्षांत तिथे नर्सिंगचे शिक्षण सुरू झाले. तिथेही मिशनची शाळा, मिशनचे वसतिगृह आणि मिशनची नोकरी अशी सलग साखळी होती. पूर्वग्रह विरतो तो बहुधा असा, पगाराच्या तारखेने आणि गणवेशाने. मात्र याच गोष्टीची दुसरी बाजू झाकून चालणार नाही. गावोगावच्या सुइणी बहुतांशी दलित आणि इतर कष्टकरी जातींतल्या होत्या. शेकडो बाळंतपणांचा हात त्यांच्याकडे होता. नोंदणी आणि परीक्षा आल्या तेव्हा त्यांच्या अनुभवाला या रचनेत पायरीच मिळाली नाही. अडाणी, अस्वच्छ म्हणून त्यांच्याकडे बोट दाखवले गेले. त्यांच्या काही पद्धती खरोखर घातक होत्या, हे मान्य. पण विधवेसाठी वसतिगृह बांधणाऱ्या समाजाने सुइणीसाठी लिहायला-वाचायला शिकण्यापासून सुरू होणारी वाट त्याच हिरिरीने बांधली नाही. एकीसाठी जे दार झाले, तेच दुसरीसाठी भिंत ठरले.

नोंदणीचा कायदा मद्रासने 1926 मध्ये केला, मुंबई इलाख्याने 1935 मध्ये. ही नोंदवही दिसायला रुक्ष, पण तिच्यामुळे सोलापुरात किंवा बेळगावात शिकलेल्या मुलीला मुंबईत पुन्हा पहिल्यापासून स्वतःला सिद्ध करावे लागेनासे झाले. तरीही संख्या किती तोकडी होती, हे देशातल्या आरोग्यव्यवस्थेची पाहणी करणाऱ्या भोर समितीच्या 1946 च्या अहवालाने दाखवले: ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे सात हजार नर्सेस, म्हणजे 43,000 लोकांमागे एक. डॉक्टर 6,300 लोकांमागे एक होता. नर्सच्या राहण्याच्या आणि नोकरीच्या हलाखीवर समितीने बोट ठेवले, हे मला आकड्यांहून मोलाचे वाटते; बायकांत सेवाभाव कमी झाला, असा सोपा निष्कर्ष तिने काढला नाही. त्याच वर्षी दिल्ली आणि वेल्लोर इथे नर्सिंगची पदवी सुरू झाली. 1947 च्या अखेरीस इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला. केंद्र सरकारच्या नर्सिंग सल्लागार म्हणून तेहमिना आद्रनवाला यांच्यासारखी हिंदी बाई बसली, तेव्हा नर्स कुठवर जाऊ शकते याचे डोळ्यांना दिसणारे उत्तर पहिल्यांदा मिळाले.

मग आज इतकी कॉलेजे असताना मुली गोंधळलेल्या का, असे कुणी विचारील. कारण गेल्या काही दशकांत आपण आत येण्याची दारे वाढवली आणि वर जाणारे जिने तसेच ठेवले. सरकारी इस्पितळात अधिपरिचारिका, परिसेविका, सहायक अधिसेविका, अधिसेविका अशी उतरंड कागदावर आहे. पण वरच्या जागा मोजक्या, भरती रेंगाळलेली आणि बढती मुख्यतः ज्येष्ठतेवर. पंधरा वर्षे अतिदक्षता विभागात काढलेल्या नर्सचे कसब तिच्या पदनामात कुठेच उमटत नाही. छोट्या खाजगी इस्पितळांत तर बहुधा उतरंडच नसते. ब्रिटन, आयर्लंड, आखाताकडे मुली जातात त्याला पगार हे कारण आहेच, पण तेवढेच नाही. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत 2004 पासून लागू झालेल्या रचनेत नोंदणीकृत नर्स पाचव्या श्रेणीत लागते, आणि सहाव्या-सातव्या श्रेणीला कोणते काम, कोणते शिक्षण लागते हे लेखी असते. तिथे गेलेली मुलगी सहा महिन्यांत आपल्याला काय व्हायचे आहे ते सांगू लागते. विमानात बसल्याने तिचा पिंड बदललेला नसतो.

आपल्याकडे याची जाण अगदीच नाही असे नाही. गावातल्या आरोग्यसेविकेला अनुभवानंतर सहा महिन्यांचे प्रशिक्षण घेऊन आरोग्य सहाय्यिका होता येते. ही लहानशी, फारशी चर्चेत नसलेली पायरी अनेकींना टिकवून धरते. नर्सिंग कौन्सिलने 2017 च्या सुमारास अतिदक्षता विभागासाठी नर्स प्रॅक्टिशनरचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आखला आणि 2023 मध्ये संसदेने 1947 चा जुना कायदा बाजूला सारून नर्सिंग व मिडवायफरी आयोगाचा कायदा केला. अभ्यासक्रम आला, पण तो पुरा केलेल्या मुलीला त्याच नावाचे पद, त्या पदाचे अधिकार आणि वेतनश्रेणी देणे हे राज्यांच्या आणि इस्पितळांच्या हाती आहे. देवधरांनी ससूनच्या अधिकाऱ्यांशी केली तशी बोलणी इथेही कुणीतरी करायला हवीत, आणि तीही पहिली तुकडी निराश होऊन परदेशाचे अर्ज भरायला लागण्यापूर्वी.