शेततळ्याची सुरक्षा: लहान मुले आणि पाहुण्यांसाठी घ्यावयाची काळजी

मोहर्ली हे ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार असल्याने या भागात शेतावर राहायला येणाऱ्या पर्यटकांची वर्दळ असते. शहरातून आलेल्या मुलांना प्लास्टिक अस्तराचे शेततळे पोहण्याच्या तलावासारखेच वाटते. प्रत्यक्षात ते त्याहून धोकादायक असते, कारण त्यात उतरणे सोपे आणि बाहेर येणे अवघड असते.

धोका कशामुळे?

30 × 30 × 3 मीटर आकाराच्या, 1:1 उताराच्या तळ्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावते. उतरत्या बाजूवर ओले प्लास्टिक आणि त्यावर शेवाळ असल्याने पाय टिकत नाही व हाताला पकड मिळत नाही. म्हणून पट्टीचा पोहणाराही दमून बुडू शकतो. अस्तर नसलेल्या बोडीत गाळात पाय रुततो आणि खोलीचा अंदाज येत नाही. बुडणारे मूल बहुतेक वेळा ओरडत नाही, हेही लक्षात ठेवा.

कुंपण

• चारही बाजूंनी किमान 4 फूट, शक्यतो 5 फूट उंच जाळीचे कुंपण करा. जाळीखाली 4 इंचांपेक्षा जास्त फट ठेवू नका.
• फाटक बाहेरच्या बाजूला उघडणारे व आपोआप बंद होणारे असावे. कडी मुलांच्या हाताला लागणार नाही इतकी उंच बसवा व कुलूप लावा.
• कुंपणालगत ड्रम, क्रेट किंवा पाइपचे ढीग ठेवू नका; मुले त्यावर चढतात.
• वन्यप्राण्यांसाठी म्हणून कुंपणात विजेचा प्रवाह कधीही सोडू नका. तो माणसाचाही जीव घेतो आणि तो गुन्हा आहे.

बाहेर येण्याची सोय

प्रत्येक बाजूला मजबूत खुंट्याला जाड नायलॉन दोर बांधा. दर फुटावर गाठ मारा. 3 मीटर खोल तळ्याचा उतार सुमारे 14 फूट भरतो, त्यामुळे दोर तळापर्यंत पोहोचेल इतका लांब ठेवा. काठावर दोर बांधलेली, हवा भरलेली ट्यूब व लांब बांबू कायम ठेवा. दर पावसाळ्यापूर्वी दोर तपासून कुजलेला बदला.

पाहुणे आल्यावर

पाहुणे उतरताच तळे दाखवून 'येथे पोहायचे नाही' असे स्पष्ट सांगा. मराठी, हिंदी व इंग्रजीत फलक लावा. पाच वर्षांखालील मूल मोठ्यांच्या हाताच्या अंतरावरच असावे. अंधार पडल्यावर फाटकाला कुलूप हवेच.

कोणी बुडत असल्यास

1. पाण्यात उडी मारू नका. दोर, ट्यूब किंवा बांबू टाका. मोटारीचा मेन स्विच बंद करा.
2. 112 किंवा 108 वर फोन करायला दुसऱ्याला सांगा.
3. बाहेर काढल्यावर श्वास नसेल तर आधी तोंडाने श्वास द्या. नंतर छातीच्या मध्यभागी 30 दाब व 2 श्वास असा क्रम मदत येईपर्यंत चालू ठेवा. दाबांचा वेग मिनिटाला 100 ते 120 असावा.
4. उलटे टांगणे, गरगर फिरवणे, पोट दाबणे टाळा. त्यात मोलाचा वेळ जातो.
5. शुद्धीवर आलेल्यालाही दवाखान्यात न्या. श्वासाचा त्रास काही तासांनी सुरू होऊ शकतो.

तळ्यात वन्यप्राणी पडल्यास स्वतः उतरू नका. वनविभागाच्या 1926 क्रमांकावर कळवा.

नवीन शेततळे घेत असल्यास कुंपण आणि दोराचा खर्च अस्तराच्या खर्चासोबतच धरा. तळ्यात पाणी भरण्याआधी ही दोन्ही कामे पूर्ण करा.